माझ्या मापाचं पोलकं

लकडगंज, नागपूर
५ ऑगस्ट १९७२

जयवंताताई,
धाकट्या गोपिकाचा नमस्कार घे. मी बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

परवा लोकांची शिलाई बाजूला ठेवून स्वतःसाठी पोलकं शिवलं. हे गेल्यापासून चार वर्षांत पहिलंच. माप माझ्या जुन्या पोलक्याचं घेतलं, तर नवं खांद्यावरून उतरू लागलं. शेजारच्या शोभाताईंनी टेप लावला. छातीत तीन इंच कमी!

"काहून वं, तू जेवून राहिली का नुसती शिवून राहिली?" त्या म्हणाल्या. मी हसले, पण घाबरले. साऱ्या गल्लीची मापं मला पाठ, माझंच ठाऊक नव्हतं. एकटीसाठी संध्याकाळी चूल पेटवावीशी वाटत नाही, एवढंच. आता पेटवते.

पोळ्याला कुहीला येईन. आईने मला अशी पाहिली तर परत येऊ देणार नाही, आणि मला इथलं काम सोडायचं नाही. पत्र तिला वाचून दाखवताना हा मधला भाग गाळ.

पोलकं आत घेतलं आहे, पण जास्तीचं कापड कापलं नाही. महिन्याभरात शिवण उसवावी लागली तर बरं. बसस्टँडवर तूच ये. आईच्या आधी मला नीट पाहा आणि खरं सांग.

तुझी
गोपिका