नऊ वार आणि वर एक वीत

प्रिय गणपतभाऊ,

तुम्हाला जाऊन महिना होत नाही, तोच लोक तुम्हाला इंग्रजीत नेऊन बसवायला निघाले. म्हणून आजच लिहायला घेतलं.

तेरवीनंतरच्या शोकसभेत ते इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक उठले. म्हणाले, सगळंच्या सगळं, हातचं काही न राखता, याला इंग्रजीत ‘द होल नाइन यार्ड्स’ म्हणतात. हे नऊ यार्ड, म्हणजे नऊ वार, कुठले? तर आपल्या नऊवारीचे! गोऱ्या साहेबानं म्हणे भंडाऱ्याच्या हातमागावरून हा बोल उचलला. काय टाळ्या पडल्या, भाऊ!

कोणत्या साहेबानं? कधी? मी नंतर विचारलं, तर हसून म्हणाले, “पुरावा तं नाही, पण अभिमान तं हाये!” ताण्याशिवाय कापड विणतात हे लोक! तुम्ही असता तर तिथंच पिंक टाकली असती.

माझ्या नातीनं शोधून वाचून दाखवलं. बोल अमेरिकेतला. आधी सहा वार म्हणत, मग नऊ झाले. का, ते कोणालाच पक्कं ठाऊक नाही. सहाचे नऊ करायला माग कशाला, तोंड पुरतं!

पण मंचावर मीही मान डोलावली. भंडारा जिल्ह्याचे दोन झाले त्या साली सायकलवरची फेरी सोडून लुगड्यांचं दुकान टाकलेला माणूस मी. ही गोष्ट लुगड्यासोबत खपेल, हे कानानं लगेच हेरलं.

आता विणकरांच्या सभागृहात तुमचा माग ठेवणार आणि वरच्या फलकावर हेच रंगवणार. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमी हो म्हणान तं लिवतीन. खरं हाये का?”

खरं? उभ्या जन्मात तुम्ही नुसते नऊ वार कधी विणले? पहिल्या धुण्यात खळ निघते, कापड आटते, म्हणून वर एक वीत. मी एकदा म्हटलं होतं, “कायले विणता फुकटची वीत? कोन मोजते?”

तुम्ही मागावरचा धोटा थांबवला नाही. “लाखांदूरच्या बसनं येते ते बाई. लुगडं आखूड झालं तं सांगाले परत येनार हाये का? घरीच पदर ओढत बसन.”

हे चारचौघांत एकदा तरी बोलायचं होतं, भाऊ! गप्प राहून गेलात, आणि बोलायला हे प्राध्यापक उरले.

उद्या रंगाऱ्याच्या आधी मी सभागृहात पोचतो. तुमच्या मागावरचं शेवटचं, न धुतलेलं लुगडं सगळ्यांसमोर मोजतो. नऊ वार संपले की उरलेली वीत प्राध्यापकांच्या हातात देईन आणि विचारीन, हिला इंग्रजीत काय म्हणतात?

मान डोलावल्याची लाज वाटणारा,
तुमचा सायकलवाला दामू