तुमचा लग्नातला कोट आणि माझा डोळा

प्रिय मेव्हणेबुवा,

अनेक आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, माफ करा. एका डोळ्याने लिहितो आहे, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलाय. ओळी वरखाली गेल्या तरी अर्थ तेवढा सरळ धरावा. पाठ कशी आहे? शेकता ना? (शेकत नसणार. इथे माझ्या जिवाला मात्र घोर.) माझं काही मागणं नाही, सहज खुशाली कळवतो.

वीस तारखेला डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय. अडचण एवढीच, की डोळ्याजवळ कुणाचं बोट आलं की माझा हात आपोआप उडतो. तपासताना डॉक्टरांचा चष्मा दोनदा खाली पडला. ते म्हणाले, असं चालणार नाही, आणि त्यांनी मला वरच्या मजल्यावरच्या संमोहनवाल्या बाईंकडे पाठवलं.

संमोहन म्हटल्यावर मी नुसती पुढची वेळ घेतली आणि आधी घर गाठलं. माझ्या शिंपीकामाच्या दुकानात कपडे शिवून घ्यायला येणारं एक गिऱ्हाईक सांगायचं, की त्यात माणूस पोपटासारखा बोलतो, मनातलं सगळं बाहेर येतं. आणि शेजारी बसणार कोण, तर तुमची ताई! म्हटलं, परक्या बाईसमोर फजिती होण्यापेक्षा घरीच मोकळं व्हावं. म्हणून आदल्या सकाळी चहा घेता घेता कबूल करून टाकलं, की तुमच्या लग्नात मी शिवलेला कोट तंग झाला तो तुम्ही सुटलात म्हणून नव्हे. कापताना शिलाईत जादा कापडाची माया सोडायला मीच विसरलो होतो. (पोटावर तर मुळीच सोडली नव्हती.) त्या कोटात मावावं म्हणून तिने तुम्हाला आठ दिवस नुसत्या काकडीवर ठेवलं, ऐन लग्नात तुम्ही फोटोग्राफरच्या अंगावर कोसळलात, आणि एकतीस वर्षं ती तुम्हाला खादाड म्हणत आली. तिने कप खाली ठेवला. "माझा भाऊ उपाशी होता हो!" एवढंच म्हणाली. तेव्हापासून तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खुर्चीत बसवलं आणि पहिल्यांदा काय सांगावं? "आजोबा, तुम्ही जागेच असता. सगळं ऐकू येतं. जे सांगायचं नाही ते कुणी काढून घेत नाही. नको वाटलं तर डोळे उघडून उठा." म्हणजे माझा कबुलीजबाब फुकटच गेला की! (हे एक दिवस आधी सांगायला काय झालं होतं?) पण खरं सांगतो, गुण आला. श्वास मोजता मोजता शिवणयंत्र एका लयीत चालल्यासारखं वाटायला लागलं, आणि बाईंनी पापणीवर बोट ठेवलं तरी माझा हात मांडीवरच. त्यांनी एक कागद दिलाय. तो घरच्या माणसाने रोज हळू आवाजात वाचून दाखवायचा, म्हणजे वीस तारखेपर्यंत मला सवय होईल.

घरचं माणूस एकच, आणि ते बोलत नाही.

आपला,
तुमच्या ताईचा नवरा (सध्या नावापुरता)

ता. क. मागणं लिहायचं राहिलंच. कोटाचं माफ केलं, असं दोन ओळींत ताईला कळवा.

दुसरा ता. क. पत्र दोन दिवस टेबलावर पडलं होतं, ते तिने वाचलं. आता कागद वाचते, पण अर्धाच. "पापण्या जड होताहेत, मिटा," इथवर येते, घडी घालते आणि स्वयंपाकघरात निघून जाते. उरलेला अर्धा, डोळे उघडायचा, भावाचं उत्तर आल्यावर, म्हणे. डोळे आपले आपल्याला उघडता येतात, असं त्या बाई म्हणाल्या खऱ्या. पण त्यांना तुमची ताई कुठे ठाऊक आहे? हे लिहायला एक डोळा चोरून उघडलाय. पावलं वाजताहेत. लवकर कळवा.