जहाजावर चढण्याआधी केलेली वाटणी

मी, क्लोरिंदा सुबियाब्रे ओयार्सो, वय अडुसष्ट, अविवाहित, धंदा नवरीचे पोशाख शिवणे, राहणार बारोन टेकडी, वालपाराइसो, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, गुडघेही शाबूत आहेत (डॉक्टरांचा दाखला सोबत), मला कोणाची जबरदस्ती नाही, आणि आज मी इतक्या आनंदात आहे की नोटरी डॉन अबेलार्दो यांनी मला दोनदा खाली बसायला सांगितले.

कारण असे. परवा सकाळी ‘कॉन्स्तान्सिया’ हे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे प्रशिक्षण-जहाज दूर दक्षिण टोकाला, पुंता आरेनासला निघते आहे. शिकाऊ खलाशांत यंदा प्रथमच साठीपुढच्यांना घेतले, आणि यादीत नववे नाव माझे! अट एकच, जवळच्या नातेवाइकाची संमतीची सही. असा नातेवाईक मला एकच, धाकटा भाऊ रिगोबेर्तो. तो इथेच खिडकीशी तोंड फुगवून बसला आहे. तीन आठवडे सही देत नाही. “आधी मृत्युपत्र कर, मग बोलू,” असा टोमणा त्याने रविवारी मारला. मी सोमवारी नोटरींची वेळ घेतली.

कलम एक. टेकडीवरचे माझे घर रिगोबेर्तोला. छप्पर कुठे गळते ते त्याला माहीत आहे.

कलम दोन. शिलाई मशीन, मेणाचा गोळा, जाड सुया आणि शीड शिवताना तळहातावर चढवायचा चामडी पट्टा जहाजाला. अकरा वर्षे दर शनिवारी मी त्याची शिडे शिवली, साटिनला सरावलेल्या या हातांनी. बोटे सोलली, पण शनिवार चुकवला नाही.

कलम तीन. जहाजाच्या मधल्या डोलकाठीखाली माझ्या आईचे चांदीचे नाणे आहे. गेल्या वर्षी नवी काठी उभी करताना प्रथेप्रमाणे तिच्याखाली नाणे ठेवायचे होते आणि कप्तानाच्या खिशात नेमके बँकेचे कार्ड तेवढे होते. मी गळ्यातले काढून दिले. ते माझ्या मालमत्तेत धरू नये आणि कोणी काठी उपटायला जाऊ नये.

कलम चार, जुनी अढी. १९६८ साली मुलींना जहाजावर घेत नसत. गाठी मी शिकले, रिगोला मीच शिकवल्या, आणि गेला तो. डोलकाठीवर चढायचे ते वाऱ्याकडच्या बाजूने, म्हणजे वारा आपल्याला दोरांवर दाबून धरतो, हेही मीच पढवले होते. हा चढला उलट बाजूने. अर्ध्यावर थिजला. त्याला दोराने बांधून खाली उतरवावे लागले. पन्नास वर्षे जेवणाच्या टेबलावर मात्र वादळे हाच गाजवतो आहे. मला त्याचा फार हेवा वाटला. तो हेवा मी कोणाच्या नावे करत नाही, इथेच सोडते.

“हेपण लिहायचं?” रिगो ओरडला.

“लिहा हो, डॉन अबेलार्दो. उलट बाजूने, असं स्पष्ट लिहा.”

कलम पाच. समुद्रात मेले तर मला जुन्या शिडात शिवून समुद्रातच सोडावे. शेवटचा टाका नाकातून घालायची खलाशांची रीत आहे, ती माझ्या बाबतीत पाळू नये. शिवण मात्र दुहेरी हवी.

इथवर लिहून झाले, पण तिसरा साक्षीदार, कोपऱ्यावरचा बेकरीवाला, आलाच नाही. तेव्हा रिगो उठला.

“मी करतो सही.”

“डॉन रिगोबेर्तो,” नोटरी म्हणाले, “साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. घर हातचं जाईल.”

“मघाशीही सांगितलंत. बहिरा नाही मी.”

“अरे, डोकं ठिकाणावर आहे का?” मी म्हटले. “भाड्याच्या खोलीत राहतोस!”

“म्हणूनच. सगळी टेकडी म्हणेल, घरासाठी बहिणीला समुद्रात ढकलली. टेकडी गेली खड्ड्यात गं, क्लोरा. पण तू तिकडे वर चढत असताना इकडे माझ्या मनात एकदाही ते घर येता कामा नये. तुझ्या मरणातलं मला काही नको. तू परत ये आणि वरून काय दिसतं ते सांग. मी वर पोचलोच नव्हतो.”

पन्नास वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. मला रडू आले, ते नोटरींनी नोंदवू नये असे सांगूनही त्यांनी नोंदवले.

म्हणून कलम एक रद्द. घर जहाज चालवणाऱ्या मंडळाला. रिगोला त्यात राहू द्यावे अशी अट घालायला गेले, तर नोटरी म्हणाले, तीही चालणार नाही. ठीक आहे. जिवंतपणी मी माझ्या घरात कोणाला ठेवावे हे कायदा विचारत नाही. किल्ली आत्ताच त्याच्या हातात दिली. उद्या तो बोचके घेऊन पुढच्या खोलीत येतो आहे.

म्हणजे हे मृत्युपत्र अमलात आले, तर माझा भाऊ रस्त्यावर येईल. तेव्हा सर्व संबंधितांना कळवते की मी ते अमलात येऊ देणार नाही. मी वाऱ्याकडच्या बाजूने चढेन.

स्थळ: वालपाराइसो. गुरुवार, १७ जानेवारी २०१९, सकाळी साडेअकरा.

सही: क्लोरिंदा सुबियाब्रे ओयार्सो

साक्षीदार:
१. एर्मिनिया लेइवा, नोटरींच्या कारकून
२. फाउस्तो किरोगा, खालच्या मजल्यावरचे घड्याळजी
३. रिगोबेर्तो सुबियाब्रे ओयार्सो, भाऊ. याच पेनाने, याच बैठकीत, जहाजाच्या कागदावरही सही केली.