बोटाने पुसलेलं अक्षर

मी, वय वर्षे एकोणऐंशी, आमच्या यहुदी प्रार्थनाघराचा चाळीस वर्षांचा प्रवचनकार, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र लिहितो. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. असलंच तर माझं मलाच आहे.

१. राहतं घर मुलीला. मागची खिडकी खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही. जावयाने त्यावरून दर वेळी सुताराचा उद्धार करू नये.

२. बारा कपाटं पुस्तकं प्रार्थनाघराला. खजिनदाराला एकही घरी नेऊ देऊ नये. माझी दोन पुस्तकं गेली सव्वीस वर्षं त्याची ‘वाचून होत आली आहेत’.

३. माझी प्रवचनं कुणी छापू नयेत. कारण सांगतो. देव दडलेला आहे, त्याला शोधा, असं मी गर्जून सांगत आलो. आजही तेच मानतो. बावीस वर्षांपूर्वी त्याच आवेशात, तोराच्या, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीवर, ओळ दाखवायची चांदीची काडी धरायची सोडून मी घामेजलेलं बोट आपटलं. देवाच्या नावातलं अक्षर पुसलं गेलं. एका अक्षराने आख्खी गुंडाळी बाद होते, आणि ते नाव खरवडून पुन्हा लिहिता येत नाही. बोटाची शाई मी गुपचूप धुतली. आठवड्याने वाचणाऱ्याला ते दिसलं, तेव्हा गुंडाळी लिहिणाऱ्या लेखनिकाला, माझ्या सख्ख्या मेव्हण्याला, मी भर सभेत उभं केलं.

“भावोजी, माझी शाई अशी उडत नाही.”

“शाई नाही, श्रद्धा कच्ची आहे तुझी!”

लोकांनी माना डोलावल्या. त्यानंतर त्याला कुणी लिखाण दिलं नाही; तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. बायको शेवटपर्यंत म्हणायची, “देवाला एवढं शोधताय, एकदा माझ्या भावाकडे जाऊन या ना.” मी गेलो नाही.

माणसाचा अपराध त्या माणसाने माफ केल्याशिवाय देव त्यात पडत नाही, हे मीच दरवर्षी शिकवलं. मग देव मला सापडला नाही यात नवल ते काय? तोंड लपवून मीच बसलो होतो.

४. कलम तीन उद्या, शनिवारी, भर सभेत मी स्वतः वाचीन. ते जमलं नाही तर मुलीने वाचावं, एकही शब्द मऊ न करता.

५. मेव्हण्याला काहीही ठेवलेलं नाही. ज्याला वारसा मिळतो त्याची साक्ष चालत नाही, आणि मला त्याची साक्ष हवी आहे. मेल्यावर माफी मागणं फार सोपं आहे. म्हणून सही इथे न करता त्याच्या दारात जाऊन करतो.

सही: प्रवचनकार
ठिकाण: मेव्हण्याचं पाट्यांचं दुकान. शुक्रवार, ९ मार्च, दुपार.

साक्षीदार पहिला: सोबत आलेले शेजारचे दंतवैद्य. माझ्यादेखत सही केली.

साक्षीदार दुसरा: लेखनिक. सगळं वाचलं. सही फक्त साक्षीची आहे. माफीचं उद्या सभेत ऐकल्यावर बघू.