एकट्या माणसाला देणे नाही

११ फेब्रुवारी

ठरलं! घर घ्यायचं! राहायला नाही — राहायला आहे आमचं, दोन खोल्यांचं का असेना. हे घ्यायचं भाड्याने द्यायला. लिहिताना हसू येतंय. मी, दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणारी बाई, घरमालकीण!

आज लॅबमध्ये कुणाच्या तरी वरच्या कवळीचं मेण कोरता कोरता डोक्यात हिशेब जमला. हप्ता एवढा, भाडं एवढं. भाड्यात हप्ता जवळजवळ भागतो, वरचे थोडे आपण घालायचे. शेवटी घर आपलं आणि फेडणार दुसराच! सगळ्या जगाला हे ठाऊक होतं आणि मलाच कुणी सांगितलं नाही! त्या आनंदात सुळ्याजवळचं मेण जास्तच कोरलं गेलं. पुन्हा भरत बसले.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलीही गोष्ट वर चढणार म्हटलं की ती कुठे अडकेल हे त्याला आधी दिसतं. “आणि भाडेकरू नाही मिळाला तर?” मिळेल! “मिळाला आणि भाडं नाही दिलं तर?” देईल! “आणि—” मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. तो भात कालवायला लागला. पण आत्ता बघते तर पलंगावर पडून बोटांवर काहीतरी मोजतोय. म्हणजे गाडी रुळावर आली.

१५ फेब्रुवारी

अर्धी रजा टाकून बँकेत. कर्जाच्या टेबलावरच्या बाई चष्म्यावरून बघतात. दोघांच्या पगाराचे कागद उलटसुलट केले, मशीनवर बोटं आपटली. मी म्हटलं, “आणि भाड्याचं उत्पन्नही धरा ना.”

“कुठलं भाडं?”

“येणारं.”

“ते अजून तुमच्या डोक्यातच राहतंय,” म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

पण कर्ज मिळेल!! फक्त किमतीचा पाचवा भाग आपल्या पदरचा हवा. घरी येऊन होतं नव्हतं ते सगळं जमेला धरलं. थोडक्यासाठी अडतंय. नवरा म्हणाला, “बघ, अडकली.” ह्याला लिफ्टमध्येच कोंडलं पाहिजे.

आईकडे बाबांच्या पैशांची ठेव आहे. नुसती पडून आहे. मागते. मागायला काय जातं?

१८ फेब्रुवारी

दादाकडे जाऊन आले. बाबा गेल्यापासून आई त्याच्याकडेच असते. दादाचं घर म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. पोरं वाढली, त्यांना आतली खोली. बाहेरच्या खोलीतला दिवाण आईचा — म्हणजे सगळे उठून गेल्यावर. मी गेले तेव्हा मॅच चालू होती, दिवाणावर तिघे, आणि आई बाजूच्या खुर्चीत बसून डुलक्या काढत होती. वहिनी तशी चांगली आहे. चहा केला, बिस्किटं काढली. आई पेन्शनमधले अर्धे तिच्या हातावर ठेवते, तीही नको नको म्हणत घेते.

आईला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. ठेव मोडायची नाही म्हणत असशील तर उसने दे, परत करीन.

“नाही,” म्हणाली. “ते मला लागणारेत.”

“कशाला लागणारेत?”

“लागणारेत म्हणजे लागणारेत.”

सख्ख्या मुलीला! कुठली तीर्थयात्रा करायचीय की दागिने घालायचेत? चहा तसाच ठेवून निघाले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. बसमध्ये डोळे पुसले, समोरचा माणूस उठून जागा द्यायला लागला.

१९ फेब्रुवारी

आईचा फोन. “पैसे नाही देत. पण घरं बघायला येईन तुझ्याबरोबर. तुला नळ बघता येत नाहीत.” मी हो-नाही काही म्हटलं नाही. तिने ते हो धरलं.

२४ फेब्रुवारी

नवरा मोटरसायकल विकून आला! न विचारता! पैशांचं पुडकं माझ्या पुढ्यात ठेवून म्हणतो, “लिफ्टवाल्याला काय, वर-खालीच तर जायचंय.” मी त्याला कडकडून मिठीच मारली. बावळटासारखा उभा राहिला आणि मग विचारतो, “आणि भाडेकरू नाही मिळाला तर?”

५ मार्च

पहिलं घर बघितलं. एजंट उत्साही आहे. खोलीचं दार उघडलं की आधी स्वतःच “व्वा!” म्हणतो, जसं काही तोही पहिल्यांदाच बघतोय. संडासाचं दार उघडूनही व्वा! त्याचं नाव आता व्वा.

आईने आल्या आल्या सगळे नळ सोडले. धार करंगळीएवढी. मग ओट्यापाशी जाऊन उगाच चिरल्यासारखे हात हलवले. “उंच आहे. खांदे भरून येतील.”

“अगं, खांदे भाडेकरूचे भरून येतील, आपल्याला काय!”

तिने पुन्हा एकदा नळ सोडून बघितला.

१२ मार्च

दुसरं घर. स्वस्त! फारच स्वस्त! मी मनातल्या मनात सही करून मोकळी. आईने खिडकी उघडली तर समोर भिंत. हात बाहेर काढला असता तर लागली असती. “इथे भरदुपारी दिवा लावून बसावं लागेल,” म्हणाली. मी म्हटलं भाडेकरू दुपारी कामावर असतात. म्हणाली, “सगळे नसतात.”

लॅबमधल्या सरांना सांगितलं, आईच्या पसंतीला एकही घर उतरत नाही. ते म्हणाले, सासू निवडतानासुद्धा लोक एवढं बघत नाहीत. सरांची दोन घरं भाड्याने आहेत. मला मंत्रच दिला त्यांनी: “छोटं कुटुंब बघा. एकट्या माणसाला कधी देऊ नका. आजारी पडला की धावपळ आपली, निघून गेला की भाडं बुडालं.” लगेच मनात कोरून ठेवलं. आता मी अशी तशी नाही, धोरण असलेली मालकीण आहे!

२० मार्च

मिळालं! मिळालं! मिळालं!

एक खोली, स्वयंपाकघर, इवलीशी गॅलरी. दुसरा मजला. आत पाय टाकला आणि कवळी टाळूला चपखल बसावी तसं वाटलं — कुठे डगडग नाही, कुठे टोचत नाही. सकाळचं ऊन खोलीभर. व्वा नुसता दारात उभा होता, व्वा म्हणायचंही विसरला.

आईने नळ सोडले. धार जोरात. ओटा बरोबर. मग खोलीच्या मध्यभागी आली आणि चक्क फरशीवर बसली, उन्हात पाय पसरून! मी म्हटलं, अगं ऊठ, धूळ आहे. उठेना. नुसती बसून राहिली. किती दिवसांनी तिला अशी ऐसपैस बसलेली बघितली.

नवरा लिफ्टचं मशीन बघायला गच्चीवर गेला होता, तो हाताला काळं लावून आला, चेहरा खुललेला. आईने त्याला विचारलं, “बंद पडते का हो मधूनमधून?” “मी असताना? तुम्ही बिनधास्त जा-ये करा,” म्हणाला. दोर नवा आहे म्हणे. माझ्यापेक्षा जास्त दोरावर खूश!

खाली उतरताना व्वाने विचारलं, “ताई, भाडेकरू कसा हवा? आत्तापासून बघून ठेवतो.” मी ताठ मानेने सांगितलं, “छोटं कुटुंब. एकट्या माणसाला देणे नाही.”

“एकटी बाई असली तर?” आईने विचारलं.

“तर मुळीच नाही! रात्री-अपरात्री काही झालं तर माझ्याच गळ्यात.”

आई म्हणाली, “बरं.” मग बस येईपर्यंत स्टॉपच्या कठड्याला टेकून उभी राहिली. दमली असेल. पायऱ्या उतरायची काय गरज होती, लिफ्ट होती की!

२१ मार्च

रंग कुठला द्यावा?

१७ एप्रिल

बँकेच्या बाई स्वतः उठून उभ्या राहिल्या आणि हात मिळवला. सह्या करून करून माझं नाव मलाच परकं वाटायला लागलं. पहिला हप्ता जूनच्या पाच तारखेला. तोवर भाडेकरू हवाच. दोन पगारांतून इकडचं घर आणि तिकडचा हप्ता एक महिना निघेल, ओढूनताणून दोन. तिसऱ्या महिन्याला घर बँकेचं, मोटरसायकल दुसऱ्याची आणि मी पुन्हा नुसती कवळ्यांची! पण असं होणार नाही. चाव्या मिळाल्या!! उशाखाली ठेवल्यात. नवरा हसतो. हसू दे.

३ मे

रंग झाला. पांढरा देणार होते, आई म्हणाली फिकट पिवळा दे, डोळ्यांना बरा. दिला. ती रोज बसने येऊन रंगाऱ्याच्या डोक्यावर उभी होती. मला कवळ्या सोडून येता आलं नसतं, बरंच झालं. खिडकीपाशी एक कुंडीही आणून ठेवलीय तिने. म्हटलं, भाडेकरू पाणी घालेल कशावरून? म्हणाली, घालेल.

११ मे

व्वाने तीन गिऱ्हाइकं आणली. आईही होती — “चावी घेऊन मी जाते, तू तुझं काम बघ.” मी सुट्टी काढून गेलेच.

पहिली दोन मुलं, ढोल वाजवतात. घरी नाही वाजवणार म्हणाली. आई म्हणाली, मग वाजवणार कुठे? दुसरा एकटाच माणूस, सभ्य, वर्षाचं भाडं आधी द्यायला तयार! जीव तुटला. पण धोरण म्हणजे धोरण. त्याला नाही म्हणताना आई माझ्याकडे टक लावून बघत होती. तिसरे नवरा-बायको. मला बरे वाटले. आई म्हणाली, “त्या बाईने ओट्याला हातसुद्धा लावला नाही. तिला हे घर नकोय.” आणि खरंच, संध्याकाळी त्यांचा नकार आला!

१६ मे

आज आलेल्यांचा कुत्रा. आईने नाक मुरडलं.

२० मे

आज आलेल्यांना आई म्हणाली दुपारी फार ऊन येतं. दुपारी तिथे उन्हाची तिरीपही नसते! भांडले तिच्याशी. “तू माझ्या बाजूने आहेस की नाही?” म्हटलं. पैसे द्यायचे नाहीत ते नाहीत, वर आलेली माणसं पळवून लावायची! ती कुंडीला पाणी घालत राहिली. मला राग आवरेना. घरी येऊन नवऱ्यावर काढला. तो म्हणाला, “आईंचं काहीतरी अडकलंय.” ह्याला सगळीकडे लिफ्टच दिसते.

२४ मे

बँकेचा मेसेज. हप्त्याची आठवण. व्वाला तीनदा फोन केला.

२७ मे

मिळाले!! भाडेकरू मिळाले! नवरा-बायको, दोघे औषधांच्या दुकानात कामाला, एक छोटी मुलगी. शांत, हसतमुख. बाईने ओट्यावर हात फिरवला! मुलगी लगेच गॅलरीत जाऊन बसली! भाडं आम्ही धरलं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच द्यायला तयार. ह्या वेळी आईला कळवलंच नाही, नसती विघ्नं नकोत. उद्या दुपारी टोकन.

सगळं जुळलं! अगदी त्या दिवशी मेण कोरताना जुळलं होतं तसं! नवऱ्याला म्हटलं, आता विचार ना, मिळाला नाही तर? त्याने कान धरले.

आनंदाच्या भरात आईला फोन केला. राग काय धरून बसायचा?

“पक्कं केलंस?” तिने विचारलं.

“उद्या टोकन घेतेय. दुपारी.”

 मागे टीव्ही चालू होता. मग म्हणाली, “बरं,” आणि ठेवला.

२८ मे

सकाळी आई लॅबमध्ये आली. एकटी. प्लॅस्टरच्या जबड्यांमधून जागा करत माझ्या टेबलावर पाकीट ठेवलं. डिपॉझिट आणि जूनचं भाडं. बँक उघडताच ठेव मोडून आली होती. म्हणाली, “एकटी बाई आहे. चालेल का, विचारायला आले.”

मी हातातलं मेण खाली ठेवलं. मग रडत म्हटलं, आई, पैसे कसले देतेस, चावी घे, घर तुझंच आहे.

“नको. तू फुकट दिलंस तर ते तुझ्याकडे राहणं झालं. मुलाकडे राहिले. मला आता माझ्याकडे राहायचंय.” मग पाकीट माझ्याकडे सरकवलं. “दादाला मीच सांगेन. तू पावती दे.”

औषधवाल्यांना फोन केला, माफी मागितली. पावती लिहिली. भाडेकरूच्या नावापुढे आईचं नाव लिहिलं.

तिने ती नीट वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि उठता उठता म्हणाली, “ओट्यावरचा दिवा मिणमिणतोय. तेवढा बदलून द्या, मालकीणबाई.”