समासातली पेन्सिल

सक्करदरा, नागपूर
१२ जानेवारी १९७४

ती. यमुताईंना धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे वामनचा, वाकून नमस्कार. धान घरात आलं का? तुमचा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर इकडे या, धंतोलीत डॉक्टरांना तोटा नाही. अनुसया मंगळवारच्या मोटारीनं तुमच्याकडे कुहीला पोचली असेल. का आली, हे तिनं सांगितलं नसेल तर मी सांगतो; सांगितलं असेल तर तेच खरं माना.

आमच्या वाचनालयात पन्नास वर्षांपूर्वीच्या लेखिकांनी कादंबऱ्यांत लग्न आणि घटस्फोट कसा मांडला, यावर व्याख्यान होतं. वक्ते आजारी पडले आणि चिटणीस म्हणून ते माझ्या गळ्यात आलं. (मीच गळा पुढे केला होता.) घरी एक जुनी कादंबरी महिनाभर पडून होती. तिच्यातली नायिका तीनशे पानं सोसते आणि शेवटी नवऱ्याला सोडते. मी पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं. मधल्या पानांच्या समासात कुणीतरी बारीक पेन्सिलीनं शेरे लिहिले होते, त्यांवर भागवलं. (पुस्तकावर लिहू नये, ही पाटी मीच लावली आहे.)

सभेत ते शेरे मोठ्यानं वाचले. बोली मुद्दाम वापरणारा हा कुणी व्यासंगी प्राध्यापक असावा, असंही ठोकून दिलं. पहिला शेरा होता, "आमच्यात पंचासमोर काडी मोडली का झालं. या बाईले तीनशे पानं काहून लागले?" सभागृह हसलं. मग नायिकेच्या नवऱ्याबद्दल, "हा बोलते सुधारकावानी, पण पेला उचलून ठेवत नाही. असा एक आमच्या घरी बी आहे." आणखी हसले, आणि मी तर सगळ्यांत जास्त. शेवटच्या पानावर होतं, "घर सोडताना ही मागं वळून पाहत नाही. मी पाहीन. शेगडी विझवली का नाही, ते." टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत अनुसया तेवढी हसत नव्हती. मला वाटलं, तिला विषय जड जात असावा.

घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "बावीस वर्षं झाले. तुमाले माह्यं अक्षरबी ओळखता आलं नाही." ताई, वाणसामानाची यादी ती स्वतःच लिहून नेते आणि माहेराहून तिची खुशाली तुमच्या अक्षरात येते, हे सांगून पाहिलं. त्यानं माझी बाजू आणखीच पडली. सकाळी उठलो तर ती गेलेली. मला फार वाईट वाटतं आहे. ती तिथं पंचांचं नाव काढते का, एवढं कळवा.

तुमचा,
वामन

ता. क. सोबत त्याच लेखिकेची दुसरी कादंबरी पाठवतो आहे, तिच्या हाती द्या. सगळी पानं वाचली आहेत. पाटी झाकून समासात मीही पेन्सिलीनं लिहिलं आहे. पान ८८ वर "पेला उचलून ठेवला" असं आहे, ते खरं आहे. तिनं खाली काही लिहिलं तर पुस्तक परत पाठवा. अक्षर ओळखेन.

ता. क. २. तिनं विचारलंच तर सांगा, शेगडी तिनं विझवली होती. तेव्हापासून ती मला पेटवता आलेली नाही.