आश्रितांचा रकाना

प्रिय राजदूतसाहेब,

तुझ्या मामानं तुला हे नाव ठेवलं तेव्हा मी त्याच्यावर रागावले होते. आता वाटतं, त्यानं तुझी जरा जास्तच भलामण केली. राजदूत निदान एका तरी देशात जाऊन बसतो. तू गेली कित्येक वर्षं सोफ्यावर बसून सगळ्या जगाचा कारभार बघतोयस, आणि जगाला त्याचा पत्ताही नाही. रविवारी तुझा फोन आला. वाऱ्याच्या देशात घरभाडं कसं परवडत नाही, थंडीच्या देशात कातडी कशी फुटते आणि भाषेच्या देशातली माणसं कशी प्रेमळ असतात, हे तू सांगत होतास. देशांची खरी नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, मी ते असेच ओळखते. मी फोन दुकानाच्या टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि एका पोरीच्या पदवीच्या प्रमाणपत्राची फ्रेम पुरी करून टाकली. कोपरे जोडले, मागं पुठ्ठा ठोकला, हुक लावला. मध्येच हातोडीचा आवाज ऐकून तू विचारलंस, आई, ऐकतेयस ना. मी हूं म्हटलं. तेवढ्यावर तुझी गाडी पुढं निघाली. म्हणून हे पत्र लिहितेय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, इथं तुला गप्प बसावं लागेल.

तुला दुकानात बसायची कधी हौस नव्हती, नाहीतर तुझ्यासारखी गिऱ्हाइकं तू पाहिली असतीस. आठवड्याला एखादं तरी येतंच. फोटो असतो तळहाताएवढा, पण भिंतीवरचे फ्रेमचे सगळे नमुने खाली काढायला लावतात. एकेक कोपरा फोटोला लावून बघायचा, डोळे बारीक करायचे, उजेडात न्यायचं, परत आणायचं. सोनेरी फार भपकेबाज, काळी फार दुखवट्याची, कोरीव धूळ धरते. शेवटी म्हणणार, घरी विचारून येतो. तुझे वडील असल्या माणसाला पाणीसुद्धा विचारायचे नाहीत. म्हणायचे, ज्याला फोटो लावायचाय तो पहिल्या दोन-तीनात निवडतो, बाकीच्यांच्या घराला भिंतच नसते. मी हसायचे. असलंच एक गिऱ्हाईक आपल्या पोटी आलंय हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

तुझ्या झोपायच्या खोलीतला तो तक्ता मागच्या खेपेला मी चष्मा लावून नीट वाचला. एका बाजूला देश, वर रकाने. पगार, नोकरी, हवा, दवाखाना, शाळा, कायमचं राहायला किती वर्षांनी मिळतं. हिरवा, पिवळा, तांबडा असे रंग भरलेले. घरात अजून मूल नाही, पण शाळांचा रकाना गच्च भरलेला. सूनबाई त्या भिंतीकडं पाठ करून झोपते, हे तुझ्या लक्षात आलंय का? नसेलच आलं. तिच्यासाठी कुठं रकाना आहे.

आणि व्हिसा. जेवणाच्या टेबलावर मीठ, पाणी, डबा मांडून तू मला तो इतक्यांदा समजावलास की मी आता दुकानाबाहेर सल्ल्याची पाटी लावू शकेन. एक कामाचा. तिकडचा कुणी नोकरी देऊन बोलावतो, नोकरी गेली की परत यायचं. त्यात म्हणे धोका आहे. एक गुणांचा. वय, शिक्षण, भाषा यांची बेरीज करतात, आणि दर वाढदिवसाला तुझे गुण घटतात. म्हणून प्रत्येक वाढदिवसाला तू तोंड पाडून बसतोस, पण अर्ज काही करत नाहीस. एक शिकण्याचा. त्याला तुझं वय उलटून गेलं, पोरांबरोबर बाकावर बसायला लाज वाटते. एक सोडतीचा. त्यात नाव घालायचं नि वाट बघायची. तेवढा एक तुला मनापासून आवडला, कारण त्यात हातपाय हलवावे लागत नाहीत. इतकी दारं समोर असताना तू उंबऱ्यावर बसून बिजागऱ्या मोजतोयस. वर पुन्हा आल्यागेल्याला मोजायची पद्धत शिकवतोस.

त्या तक्त्याचा शेवटचा रकाना मी शेवटी वाचला. वर लिहिलं होतं, आश्रित, आणि कंसात आई. वाऱ्याचा देश पहिल्या रकान्यापासून हिरवागार होता, फक्त या रकान्यात तांबडा. तिथं आईबापांना वर्षानुवर्षं बोलावता येत नाही. भाषेचा देश पगारात तांबडा, नोकरीत तांबडा, हवेत पिवळा आणि या एका रकान्यात हिरवा. तर तू भाषेच्या देशाला पहिला नंबर दिलास. सगळ्या विषयांत नापास झालेलं पोर माझ्या जिवावर वर्गात पहिलं आलं. तिथली भाषा तुला येत नाही, वर्षभर शिकवणी लावून तू तिथलं नमस्कार, आभारी आहे आणि माफ करा एवढं शिकलास. तरी त्या क्षणी मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, पोरगं आईला टाकून जायला तयार नाही.

मग तू त्या व्हिसाच्या सल्लागाराला माझ्यापुढं आणलंस. फोनच्या एका चौकोनात तो, दुसऱ्यात तू. त्याच्या मागच्या भिंतीवर एक फ्रेम वाकडी टांगलेली होती, तिथंच मी त्याला जोखला. विचारतो, विधवा आहात ना. म्हटलं, हो. एकट्या राहता ना. हो. मुलावर अवलंबून आहात ना. म्हटलं, माझं दुकान आहे. तर त्यानं असं तोंड केलं की जणू मी दरोडा घातल्याचं कबूल केलंय. म्हणाला, दुकान कागदावर बंद करून टाका, मुलाकडून पैसे येतात असं दाखवू, आणि मुलाखतीच्या वेळी चेहरा जरा थकलेला ठेवा, जिना चढवत नाही म्हणा. आणि तू तुझ्या चौकोनात मान डोलावत होतास. मी रोज शिडी लावून वरचे नमुने काढते रे. तुझ्या त्या सल्लागाराला खांद्यावर घेऊन मी जिना चढून दाखवला असता.

त्या वेळी आपले काचवाले काच द्यायला आले होते. दोन्ही हातांत मोठी काच धरून दारातच खोळंबले, कारण काच ठेवायच्या टेबलावर तुमची मुंडकी बोलत होती. सगळं त्यांच्या कानावर गेलं. फोन बंद झाल्यावर काच ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, तुम्ही थकलेल्या दिसत नाही, चिडलेल्या दिसता. मी त्यांना चहा केला. नाहीतर ते कधी चहाला थांबत नाहीत.

तरीही मी ते सोडून दिलं. मग तुझ्या सासऱ्यांच्या निवृत्तीचं जेवण झालं. मी स्वयंपाकघरात पाण्याचे जग भरत होते, खिडकीपलीकडच्या बाल्कनीत तू मेहुण्यांच्या घोळक्यात उभा होतास. तू म्हणालास, गळ्यात आईचं लोढणं नसतं ना, तर मी केव्हाच उडालो असतो. सगळे हळहळले. कुणीतरी तुला श्रावणबाळ म्हणून पाठ थोपटली, आणि तू ती थोपटून घेतलीस. मी जग भरून बाहेर नेला, सगळ्यांना पाणी वाढलं, तुलाही वाढलं. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लोढणं म्हणालास त्याचं थोडं, आणि ते म्हणताना तुझ्या तोंडावर जो आराम दिसला त्याचं जास्त.

बसथांब्यापर्यंत सूनबाई सोडायला आली, तिथं उरलेलं कळलं. वाऱ्याच्या देशातल्या लिफ्टच्या कंपनीनं तुला बोलावलंय. काम तू इथं करतोस तेच, लिफ्टच्या दुरुस्तीचं. व्हिसा ते काढून देणार, सूनबाईलाही तिथं काम करता येणार. तुझी धोक्याची भाषा करायलाही जागा उरली नाही, कारण पाच वर्षांचा लेखी करार आहे. आणि तू त्यांना कळवलंस की कौटुंबिक अडचण आहे, महिनाअखेरपर्यंत थांबा. ती कौटुंबिक अडचण म्हणजे मी. मला कित्येक वर्षांत साधं पडसं झालेलं नाही. सूनबाई रडली नाही, पण बस आल्यावर म्हणाली, आई, आता नाही गेलो तर हे कधीच जाणार नाहीत, आणि मग जन्मभर तुमच्याकडं बोट दाखवतील. पोरगी तुझ्यापेक्षा शहाणी आहे. तुला कशी मिळाली हे मला अजून कळलेलं नाही.

तुझं घोडं कुठं पेंड खातं ते मला तू पाचवीत असल्यापासून माहीत आहे. शाळेनं पोहायला न्यायचं ठरवलं होतं. मी निळी चड्डी आणून दिली, टॉवेल दिला. तू रोज ते दप्तरात घालून न्यायचास आणि कोरडं परत आणायचास. पुढं बाई मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तुम्ही छातीच्या दुखण्यामुळं पाठवत नाही म्हणे. तुझी छाती ठणठणीत होती. तू पाण्याला घाबरत होतास, आणि नाव माझं सांगितलंस. तुझे वडील हसले, म्हणाले, मोठा झाला की जाईल ते. मोठा झालास, पाणी तेवढं समुद्राएवढं झालं. मला तेव्हा सांगितलं असतंस की भीती वाटते, तर काठावर पाय सोडून तुझ्याजवळ बसले असते. आत्ताही बसले असते. भित्रा मुलगा मला चालतो. आईच्या पदराआड लपायचं आणि बाहेर सांगायचं की तिनंच पकडून ठेवलंय, हे मला चालत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले. तू तर भांडं माझ्या डोक्यावर ठेवलंस.

इकडचं म्हणशील तर दुकान बरं चाललंय. तुझ्या वडलांच्या फोटोची काच कोपऱ्यात तडकली होती, ती काचवाल्यांनी बदलून दिली. नवी काच बसवल्यावर फोटोसमोर उगाच बराच वेळ उभे राहिले, मग टोपी घालून गेले. त्यांची मुलगी थंडीच्या देशात आहे, हे तुला ठाऊक नसेल, कारण तू त्यांना कधी काही विचारलं नाहीस. तिनं तक्ताबिक्ता काही केला नव्हता. एका म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम मिळालं, त्यांनी व्हिसा दिला, एक बॅग घेऊन गेली. यांची बायको आधीच वारलेली, पोरगी एकुलती. मी विचारलं, जा म्हणताना जड गेलं नाही का. म्हणाले, ती गेली त्या दिवशी माझ्या हातून दोन काचा फुटल्या, तिला सांगितलं नाही. नंतर बरेच दिवस मी त्या दोन काचांचा विचार करत होते.

आता मुद्द्याचं. भाषेच्या देशाचा नियम तूच माझ्याकडून पाठ करून घेतलास. आई विधवा हवी, एकटी हवी आणि मुलावर अवलंबून हवी. मागच्या मंगळवारी मी आणि काचवाले नोंदणी कचेरीत जाऊन लग्न करून आलो. साक्षीदार म्हणून समोरचा चांभार आणि त्याची बायको होती, आणि तिसरी सही तुझ्या बायकोची आहे. त्या दिवशी तुला सांगितलं तशी ती मैत्रिणीकडं गेली नव्हती. तेव्हा मी आता विधवा नाही, एकटी नाही, आणि अवलंबून तर कधीच नव्हते. हे मी तुझ्यासाठी केलं असं कुणाला सांगू नकोस, तेवढी मी थोर नाही. मला तो माणूस आवडतो. कमी बोलतो, आणि घरात आल्यावर आधी विचारतो, जेवलात का. तू इतक्या वर्षांत इतके देश सांगितलेस, पण तेवढं एक कधी विचारलं नाहीस. तक्त्यातला माझा रकाना पुसून टाक आणि महिना संपायच्या आत त्या लिफ्टवाल्यांना हो म्हणून कळव. नाही जायचं ठरवलंस तरी माझं काही म्हणणं नाही, फक्त कुणी विचारलं तर सांग की मला भीती वाटली. आईमुळं अडलंय म्हणालास, तर लोक विचारतील, कुठली आई, ती नवा संसार थाटलेली का. जाण्याआधी दोघं जेवायला या. त्यांना काचवाले काकाच म्हण, दुसरं काही म्हणायची गरज नाही. आणि तू जाशील त्या दिवशी दुकानात काचा फुटतील, हे मला आत्ताच ठाऊक आहे. त्याची काळजी तू करायची नाही. आता घरात काचवाला आहे.

तुझीच, पण तुझ्यावर अवलंबून नसलेली,
आई